अडॅप्टर हातात, हिरवा दिवा चालू

एका वेळी एकच कन्व्हर्टर चालू राहणार, दुसरा डिसेबल असणार. मग दोघांची आउटपुटं एकाच लाइनवर जोडायला हरकत काय? हा युक्तिवाद मला इतका बिनतोड वाटला की त्यावर मी अख्खा बोर्ड बेतला, पीसीबी छापून घेतले, दिल्लीच्या लजपतराय मार्केटमधून सुटे भाग आणून ते भरले आणि तयार झालेले डबे सरोजिनी नगरच्या बाजारात एका ओळखीच्या कुर्तीवाल्याच्या आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या ठेल्यांवर बसवून दिले. पुढचे कित्येक महिने मी त्या एका वाक्याची किंमत मोजत होतो.

सरोजिनी नगर म्हणजे सरकारी नोकरांची वसाहत. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून नव्याने बांधायला मंजुरी दिली, त्यांतली ही एक. क्वार्टर्स पडताहेत, टॉवर उठताहेत, पण बाजार तिथेच आहे आणि २०१८ मध्ये मेट्रोची गुलाबी लाइन आल्यापासून त्याची गर्दी आणखी वाढली आहे. इथला खरा धंदा संध्याकाळी. दिवे लागल्यावर ठेल्यावरच्या कुर्तीचा रंग गिऱ्हाइकाला नीट दिसला पाहिजे आणि क्यूआरचा साउंडबॉक्स पैसे आल्याचं ओरडला पाहिजे. ठेल्याला वीज मिळते मागच्या दुकानातून ओढलेल्या वायरवर. दुकानदाराने आपला स्विच पाडला की ठेला अंधारात. म्हणून हा डबा: १२ व्होल्टचा अडॅप्टर असेल तर त्यावर चालेल, नसेल तर आतल्या दोन लिथियम सेलवर, आणि दोन्ही वेळा दिव्याला आणि साउंडबॉक्सला ५ व्होल्ट मिळतील.

बाराचे पाच करायला बक कन्व्हर्टर, बॅटरीच्या साडेतीन-चारचे पाच करायला बूस्ट. दोघांची आउटपुटं ५ व्होल्टच्या एकाच लाइनवर. दोघांनाही इनेबल नावाचा पाय असतो. त्यावर व्होल्टेज दिलं की कन्व्हर्टर चालू, जमिनीला लावला की बंद. एक छोटा मायक्रोकंट्रोलर अडॅप्टर आहे की नाही ते बघणार आणि त्याप्रमाणे एकाला जागवणार, दुसऱ्याला झोपवणार. दिव्याला वेगळा स्विचसुद्धा मी ठेवला नाही. बटण दाबलं की दोन्ही कन्व्हर्टर डिसेबल, म्हणजे दिवा बंद. एका स्विचचे पैसे वाचवले याचा तेव्हा आनंद झाला होता.

पहिली तक्रार कुर्तीवाल्याचीच आली. फोनवर म्हणाला, "साहब, आपका डिब्बा आँख मार रहा है." दुकानदाराने लाइन बंद केली की दिवा पूर्ण लागायचा, मंद व्हायचा, पुन्हा पूर्ण लागायचा, आणि हे चालूच राहायचं. साउंडबॉक्स दर वेळी नव्याने सुरू होऊन आपलं नाव सांगायचा.

इथे माझ्या आणखी एका मूर्खपणाचा उल्लेख करायला हवा. डब्यावर मी नाव, फोन नंबर, काहीही लिहिलेलं नव्हतं. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, याच बाजारात बॉम्बस्फोट झाला होता. त्यात अनेक माणसं गेली. या बाजारात बेवारस वस्तूकडे लोक आजही वेगळ्या नजरेने पाहतात. तिथे मी कपड्यांच्या ढिगाखाली वायरी बाहेर आलेला, लुकलुकणारा, बिननावाचा काळा डबा ठेवून आलो होतो. ठेल्यापाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी "यह किसका है?" असं दोनदा विचारल्यावर कुर्तीवाल्याने तो स्वतः उचलून बंद केला. सर्किटच्या चुका नंतर दुरुस्त झाल्या, पण ही चूक सर्किटची नव्हती. दुसऱ्याच दिवशी मी सगळ्या डब्यांवर माझं नाव-पत्ता छापलेली पट्टी चिकटवली.

डबा घरी आणून टेबलावर ठेवला तर तो शहाण्यासारखा चालला. मी बकचा इनेबल पाय जमिनीला आणि बूस्टचा व्होल्टेजला लावून "लाइट गेली" असं नाटक केलं. बूस्ट लगेच जागा झाला, दिवा हललासुद्धा नाही. पाठवण्याआधीसुद्धा मी हीच चाचणी घेतली होती. पुन्हा पुन्हा घेतली, दर वेळी पास. अखेर कंटाळून अडॅप्टरची पिनच उपटली आणि दिवा लुकलुकायला लागला. पिन माझ्या हातात होती, डब्याच्या सॉकेटमध्ये काहीही नव्हतं, आणि "मेन्स आहे" असं सांगणारा हिरवा एलईडी मात्र मंदपणे लागलेला होता.

वीज येत कुठून होती?

सिंक्रोनस बकमध्ये दोन मॉसफेट असतात. वरचा इनपुटला कॉइलशी जोडतो, खालचा कॉइलला जमिनीशी. कंट्रोलर त्यांना सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करायला लावतो आणि त्यातून बाराचे पाच होतात. डिसेबल म्हणजे ही उघडझाप थांबवणं, बस. मॉसफेट जागेवरच राहतात, आणि प्रत्येक मॉसफेटच्या पोटात त्याच्या घडणीतूनच आलेला एक डायोड असतो, बॉडी डायोड. वरच्या मॉसफेटचा हा डायोड आउटपुटकडून इनपुटकडे तोंड करून असतो. इनपुटला बारा व्होल्ट आहेत तोवर तो उलटा दाबलेला, त्याचं अस्तित्वही जाणवत नाही. बारा व्होल्ट गेले आणि आउटपुटला दुसऱ्या कोणी पाच व्होल्ट दिले, की कॉइलमधून, त्या डायोडमधून वीज मागे वाहते आणि इनपुटच्या तारेवर ०.७ कमी, म्हणजे साधारण ४.३ व्होल्ट येतात. त्यांच्याशी इनेबल पायाचा काही संबंध नाही. तो जमिनीला असो की आकाशाला.

माझ्या चाचणीत इनेबल खाली असायचा पण बारा व्होल्ट तसेच लागलेले असायचे. थोडक्यात, ज्या परिस्थितीत डायोड उघडूच शकत नाही तेवढीच परिस्थिती मी पुन्हा पुन्हा तपासत होतो.

पुढचं गणित सरळ होतं. अडॅप्टर आहे की नाही हे मी एका ट्रान्झिस्टरने बघत होतो आणि तीनेक व्होल्टच्या वर काहीही असलं तरी "आहे" असं ठरवलं होतं, कारण कोणी ९ व्होल्टचा अडॅप्टर लावला तरी चालावा अशी माझी उदार दृष्टी. लाइट गेली की बूस्ट चालू. त्याचे पाच व्होल्ट बकमधून मागे जाऊन ४.३. मायक्रोकंट्रोलर म्हणतो, मेन्स आली, बूस्ट बंद. लाइन पडते, ४.३ पण पडतात. मायक्रोकंट्रोलर म्हणतो, मेन्स गेली, बूस्ट चालू. डोळा मारणं ते हेच.

पण बूस्ट बंद झाल्यावर दिवा मंद का व्हायचा, विझायचा का नाही, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला विचारला नाही. तो विचारला असता तर पुढचे दोन महिने वाचले असते. मला वाटलं कपॅसिटरमधला साठा असेल. लुकलुकण्याचं कारण सापडल्याच्या भरात मी इनपुटच्या तारेत एक शॉटकी डायोड घातला, ट्रान्झिस्टरची तार त्याच्या अलीकडे, सॉकेटच्या बाजूला नेली, आणि डबे परत ठेल्यांवर. बारा व्होल्टच्या तारेत डायोडने पाव-अर्धा व्होल्ट खाल्ला तरी बिघडत नाही. पाचाच्या लाइनमध्ये तेवढाच पाव-अर्धा व्होल्ट महाग पडतो. ही अक्कल माझी नव्हे. शेजारच्या काकांनी दिली होती.

हे काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, मुलाच्या क्वार्टरमध्ये राहतात, माझ्या टेबलावर डबा उघडा दिसला की खुर्ची ओढून बसतात. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "अरे, तू त्याला थांबवतोस की तोडतोस?" मी म्हणालो, "काका, डिसेबल करतो ना." ते म्हणाले, "ते थांबवणं झालं. तोडलंस कुठे?" मग त्यांनी एक्स्चेंजची गोष्ट लावली. टेलिफोन एक्स्चेंजला ४८ व्होल्टची बॅटरी असते, रेक्टिफायर आणि बॅटरी दोन्ही कायम एकाच लाइनवर. लाइट गेली तर कोणी कोणाला जागवायचं नसतं; बॅटरी तिथे आधीपासून उभीच असते. म्हणून घरात अंधार झाला तरी जुना फोन चालायचा. मी मान डोलावली आणि विसरून गेलो, कारण मला वाटलं काका त्यांच्या जमान्याचं सांगताहेत.

त्यानंतर मंगळवारच्या तक्रारी सुरू झाल्या. मंगळवारी सकाळी ठेला लावला की डबा मेलेला, बॅटरी शून्य. बाकी आठवडाभर ठीक. मी सेल बदलले, चार्जर बदलला, कुर्तीवाल्याला चार्जिंगवर एक व्याख्यानही दिलं. सरोजिनी नगरचा बाजार सोमवारी बंद असतो हे मला माहीत होतं, रोज डोळ्यांनी बघत होतो, पण त्याचा बॅटरीशी संबंध जोडायला मला वेळ लागला. रविवारी रात्री दहाला ठेला आवरला की डबा थेट मंगळवारी अकराला अडॅप्टर बघतो. म्हणजे छत्तीस-सदतीस तास. या काळात काहीतरी बॅटरी पीत होतं. इतर रात्रीही पीत असणारच, फक्त तेरा तासांत दोनएक अँपियर-तास जायचे आणि दिवसा भरून निघायचे. दोन सेल मिळून ५,२०० मिलीअँपियर-तास, तेवढं सदतीस तासांत सहज संपत होतं.

मी कुर्तीवाल्याला विचारलं, रात्री डबा बंद केल्यावर दिवा पूर्ण विझतो का? तो म्हणाला, "नहीं, हल्का जलता रहता है. मुझे लगा नाइट लैम्प है." त्याला ते आवडलंही होतं. ताडपत्रीखालून थोडा उजेड दिसतो, माल नजरेत राहतो.

बूस्ट कन्व्हर्टरचं चित्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात बघा: बॅटरी, मग कॉइल, मग डायोड, मग आउटपुट. मॉसफेट या रस्त्याच्या मधे नाही, तो बाजूला जमिनीकडे आहे. त्याची उघडझाप थांबवली तर व्होल्टेज वाढायचं थांबतं, पण बॅटरी, कॉइल आणि डायोडमधून आउटपुटला जाणारा रस्ता तसाच मोकळा. ३.९ व्होल्टच्या बॅटरीतून डायोडचे ०.३ वजा जाऊन लाइनवर ३.६ व्होल्ट. पांढरा एलईडी ३ व्होल्टच्या आतच मंद लागायला लागतो. माझं "बंद" म्हणजे बॅटरी थेट दिव्याला जोडलेली. हे मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत काढलंही होतं, त्याचे मार्कही मिळाले होते. स्विचचे वाचवलेले पैसे इथे गेले.

मग मी भाग बदलण्याच्या मागे लागलो. शटडाउनमध्ये इनपुट आणि आउटपुट खरोखर तोडणारे बूस्ट मिळतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीपीएस६१०२३ हा त्यांतला एक, त्याच्या डेटाशीटच्या पहिल्याच पानावर ही गोष्ट लिहिलेली असते. त्या जातीचा बूस्ट घातला, मंद दिवा गेला. त्याच फटक्यात बकही बदलला, जरा नवा, लहान. आणि तिसरी भानगड ओढवून घेतली. बॅटरीवर चालताना, म्हणजे बक डिसेबल असताना, डब्याचं झाकण काढून मी सहज बोट फिरवलं तर बक गरम. बंद असलेली चिप गरम का? डेटाशीटच्या आत खोलवर एक ओळ होती: डिसेबल असताना आउटपुट कपॅसिटर रिकामा करण्यासाठी आतला सुमारे १०० ओहमचा रेझिस्टर आउटपुटला जमिनीशी जोडतो. एकट्या कन्व्हर्टरच्या डिझाइनमध्ये ही सोय चांगली, लाइन झटकन खाली येते. माझ्या लाइनवर मात्र दुसऱ्याने पाच व्होल्ट धरून ठेवलेले. पाच भागिले शंभर, ५० मिलीअँपियर, पाव वॅट, सतत, त्या बारक्या चिपमध्ये. ही आतली सोय चालवायला लागणारी वीजसुद्धा तिला बॉडी डायोडमधून मीच पुरवत होतो.

चौथी गोष्ट मे महिन्यात कळली, थोडक्यात सांगतो. दिल्लीचा पारा ४५ ला गेला, ताडपत्रीखालचा डबा त्याहून तापला, आणि डोळा मारणं परत सुरू झालं. शॉटकी डायोड उलट्या दिशेने थोडी गळती करतोच, आणि दर दहाएक अंशांना ती साधारण दुप्पट होते. माझी मेन्स बघणारी तार १०० किलोओहमची होती. अशा तारेवर ५० मायक्रोअँपियर गळाले तरी ५ व्होल्ट होतात. शॉटकीच्या अलीकडून जमिनीला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर टाकला आणि भूत गेलं. हिवाळ्यात डिझाइन केलेला बोर्ड मे महिन्यात तपासला नाही, यापलीकडे त्यात काही नाही.

या सगळ्यात मला राहून राहून वाटत होतं की हा फक्त छोट्या बोर्डांवरचा बारकावा आहे. तसं नाही. आपल्याकडे वायरमन खांबावर चढण्याआधी सबस्टेशनमधून लाइन बंद करून घेतो, आणि तरीही तारा रॉडने जमिनीला बांधल्याशिवाय हात लावत नाही. कोणाच्या घरातला जनरेटर किंवा इन्व्हर्टर उलट्या बाजूने तीच तार जिवंत करत असेल तर? ट्रान्स्फॉर्मर दोन्ही दिशांनी चालतो. घरातले २३० वर जाऊन ११ हजार होतात. म्हणून सोसायटीत जनरेटर बसवला की मधे चेंजओव्हर स्विच लागतो. त्यात एक बाजू जोडली की दुसरी यंत्रानेच तुटते, कोणाच्या आज्ञेने नव्हे. छतावरच्या सोलर इन्व्हर्टरलाही, ग्रिड गेलं की दोन सेकंदांच्या आत बाजूला व्हावं लागतं; अमेरिकेच्या आयईईई १५४७ या मानकात ती अट २००३ पासून आहे. विजेच्या खात्यातल्या लोकांना हे जिवाच्या भीतीने पाठ असतं. आम्हा पाच व्होल्टवाल्यांना शॉक बसत नाही, म्हणून शिकायला उशीर लागतो.

आता शेवटची चूक, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचली. तोडणारा बूस्ट घातल्यावर गळती संपली, पण लाइट जाताच साउंडबॉक्स दर वेळी रीस्टार्ट व्हायला लागला. पूर्वी, लुकलुकणं थांबवल्यावर, तो एकदाही झाला नव्हता. हिशेब केला. भार ०.८ अँपियर, लाइनवर ४७० मायक्रोफॅरड. डिसेबल असलेला बूस्ट जागा होऊन सावकाश पाचावर चढायला तीनेक मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात कपॅसिटर पाच व्होल्ट गमावतो, म्हणजे लाइन थेट शून्य. जुना बूस्ट ज्या रस्त्याने रात्री बॅटरी पीत होता, त्याच रस्त्याने लाइट जाताच लाइनला साडेतीनवर अडवून धरत होता. माझी एक चूक दुसरीला सांभाळून घेत होती. मी एक काढली, तशी दुसरी उघडी पडली.

कपॅसिटर वाढवणं हा उपाय सुचला, करूनही पाहिला, डब्यात मावेना. मग काकांची एक्स्चेंजची बॅटरी आठवली. जागवायचंच कशाला? बूस्ट कायम चालू ठेवला, पण ४.९ वर. बक ५.१ वर. दोघांच्या आउटपुटला प्रत्येकी एक पी-चॅनेल मॉसफेट आणि त्याला चालवणारा आयडियल डायोड कंट्रोलर, एलटीसी४४१२ च्या जातीचा, जो पुढे जाताना वीस-तीस मिलिव्होल्टच खातो आणि मागे काही येऊ देत नाही. आता अडॅप्टर असेल तर ५.१ जिंकतो आणि बूस्ट नुसता उभा असतो. अडॅप्टर गेला की लाइन ५.१ वरून ४.९ वर येते आणि बूस्ट भार घेतो. निर्णय घ्यायला मायक्रोकंट्रोलर नाही, "मेन्स आहे का" हा प्रश्नच नाही. गरम होणारा बकचा रेझिस्टरही आपल्या मॉसफेटच्या आड राहतो. ०.२ व्होल्टचं अंतर मी आधी ०.१ ठेवलं होतं. दोन्ही कन्व्हर्टरांची दीड-दीड टक्क्याची कमीजास्त धरली तर तेवढ्यात कोण वर कोण खाली याची खात्री राहत नाही, म्हणून वाढवलं. बूस्ट डिसेबल होतो तो फक्त बॅटरी संपत आल्यावर, आणि तेव्हा तो खरंच तुटतो.

चाचणीही बदलली. आता मी सगळे उगम काढून टाकतो, ५ व्होल्टच्या लाइनवर बाहेरून टेबलावरच्या पॉवर सप्लायने, करंट मर्यादित करून, पाच व्होल्ट देतो आणि मीटर घेऊन प्रत्येक इनपुटवर जातो. जिथे शून्य हवं तिथे काही दिसलं की बोर्ड परत. इनेबल वर असताना एकदा, खाली असताना एकदा, आणि हेअर ड्रायरने तापवून पुन्हा.

दिव्याला आता स्वतःचा मॉसफेट आहे. शिवाय डब्याच्या बाजूला एक खटक्याचा स्विच बसवला आहे, जो बॅटरीची तार प्रत्यक्ष तोडतो. रविवारी रात्री तो पाडायचा असं मी प्रत्येकाला समजावून सांगितलं. कुर्तीवाला तो पाडत नाही. त्याला नाइट लॅम्प परत हवा आहे, आणि त्यासाठी वेगळे पैसे द्यायलाही तो तयार आहे.